धुक्यातले गोमुख

चहा थोडा निवू द्या. जे सांगणार आहे ते ऐकताना घोट घशात अडकू नये, एवढ्याचसाठी म्हणते. अठ्ठ्याहत्तर वर्षे मी अतिशय जपून जगले. जुनी मॅट्रिक आहे मी. साधा हातरुमाल असला तरी चारही कोपरे जुळल्याशिवाय घडी घालत नाही. पण स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, एका धुकट दुपारी, माझ्या हातून जे घडले त्याला फजिती हा शब्दही तोकडा पडावा. आणि नवल असे, की ते घडत असताना मी विलक्षण सुखात होते!

आमचे हे गेल्यापासून मी इंग्लंडात, रीडिंगला लेकीकडे असते. मेधा माझी एकुलती एक. जावई मंदारराव सॉफ्टवेअरच्या नोकरीत, पण शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. स्वभाव इतका मवाळ, की ट्रेनमध्ये यांच्या पायावर कोणी पाय दिला तर 'सॉरी' हेच म्हणतात. सोळा वर्षांत त्यांनी माझ्यासमोर कोणतीही इच्छा बोलून दाखवलेली नव्हती. यंदा पन्नाशी झाली आणि एकच दाखवली. उत्तरेच्या प्रवासात एक व्हिस्कीची डिस्टिलरी आतून पाहायची.

"आई, टूर असते ती," मेधा म्हणाली. "लोक फॅमिलीसकट जातात. एज्युकेशनल असते."

"दारूच्या भट्टीची शैक्षणिक सहल? छान!"

"मला फक्त तांब्याची भांडी बघायचीत हो, आई," मंदारराव ताटाकडे बघत म्हणाले. "कॉलेजात सगळं पुस्तकातच पाहिलं. खरं कधी पाहिलंच नाही."

"तुम्ही खुशाल जा. मी बाहेर गाडीत बसेन. आमच्यात त्या दाराची पायरी आजवर कोणी चढलेले नाही, एवढे मात्र ध्यानात असू द्या."

सासूने असे म्हटल्यावर जावई जातो का? तुम्हीच सांगा! पण त्यांनी टूर आधीच बुक केली होती. तीन वाजताची. ते नुसते कानाची पाळी चोळत राहिले.

तर आम्ही निघालो. काय प्रदेश आहे तो! रस्ता जेमतेम एका गाडीपुरता. समोरून दुसरी आली की कोणीतरी 'पासिंग प्लेस'मध्ये सरकायचे आणि एकमेकांना हात करून पुढे जायचे. डोंगर जांभळे, पाणी करडे, आणि मेंढ्या इतक्या शांत, की त्यांना आपल्याविषयी काही मत आहे असे वाटावे. दुपारी समुद्राकडून धुके आले. आले म्हणजे काय, कोणीतरी मलमलीचे पातळ हळूच अंगावर टाकावे तसे साऱ्या मुलखावर उतरले. डोंगर गेले, कुंपणे गेली, मेंढ्यांची नुसती तोंडे उरली. मला तर आपण जागे आहोत की डोळा लागला आहे, तेच उमगेना.

अडीच वाजता नकाशा दाखवणारा फोन मुका झाला.

"पाच मिनिटांवर दाखवत होता," मंदारराव म्हणाले. "इथेच कुठेतरी असणार."

खोटे कशाला बोलू? मनात म्हटले, न सापडो!

त्यांनी गाडी कडेला घेतली. माझे गुडघे आखडले होते म्हणून मी उतरले, दहा पावले चालले, आणि थबकले. धुक्यातून वाफ येत होती. धुके थंड असते आणि आडवे वाहते. ही ऊब घेऊन सरळ वर चढत होती. आणि वास कसला, तर सातूचे पीठ नुकते भाजल्यासारखा. सातू म्हणजे जव. होमात आहुती देतात तेच. आणखी दहा पावले गेले, तो समोर दगडी बांधीव कुंड! चार पायऱ्या, हिरवेगार शेवाळ, आणि वरच्या अंगाने एका जुनाट नळातून पडणारी गरम पाण्याची संथ धार. तो नळ टोकाशी असा काही वाकलेला होता, की मला गोमुखच दिसले. मी हात जोडले.

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी हे मला एका उन्हाळ्यावर घेऊन गेले होते. तेव्हा काही बोलण्याची पद्धत नव्हती. मी स्नान करीत असताना हे पाठ करून, माझ्या चपला हातात धरून, पहारा देत उभे होते आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होते. निघताना म्हणाले, "म्हातारपणी पुन्हा येऊ." मग संसार, बदल्या, मेधाचे शिक्षण, राहूनच गेले. आणि आज, जगाच्या या टोकाला, माझ्यापुढे तेच कुंड वाफाळत उभे! सांगा, कोणाचे पाऊल मागे फिरले असते?

"मेधा, टॉवेल काढ. मी स्नान करणार."

"आई, वेडी आहेस का? इथे? कुणाचं असेल ते!"

"तीर्थ कुणाचे नसते."

"आई," मंदारराव पुढे आले, "स्कॉटलंडमध्ये असे गरम पाण्याचे झरे नाहीत. मला वाटतं हे पाणी—"

"वाफ दिसते ना तुम्हाला?"

"दिसते, पण ते पाणी जवळच्या—"

"मग झाले तर! प्रत्येक गोष्ट पुस्तकात असतेच असे नाही, मंदारराव."

त्यांनी घड्याळात पाहिले. पावणेतीन. आणि इथे मला माझे पाप कबूल करायला हवे. मन भरून आले होते हे खरे. पण त्याच मनाच्या एका कोपऱ्यात असेही होते, की स्नान सावकाश केले तर तीन वाजून जातील, आणि कोणाला 'नाही' असे न म्हणताच ती टूर बुडेल. एका स्नानात दोन पुण्ये!

कार्डिगन काढले, पदर खोचला आणि नेसत्या पातळानिशी पायऱ्या उतरले. हे गेले तरी कुंकू मी सोडलेले नाही; पर्समधली डबी उघडून चिमूटभर गोमुखाला वाहिले. तीन आचमने केली. पाण्याला चव म्हणावी तर किंचित तांब्याची होती; आमच्या लहानपणी तांब्यातले शिळे पाणी लागायचे तशी. मेधाला सांगून चहाचा थर्मास रिकामा करविला आणि तीर्थाने भरून घेतला. कॉव्हेंट्रीच्या माझ्या मैत्रिणीचे, विमलताईंचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत, त्यांच्यासाठी.

मग मी गळ्यापर्यंत पाण्यात बसले.

ते सुख कसे वर्णन करू? वर धुके, खाली ऊब, मध्ये मी. हातपाय आपलेच आहेत की पाण्याचे, कळत नव्हते. गुडघ्यांतली ठणक साखरेसारखी विरघळत गेली. धार एकसुरात पडत होती आणि तिच्या आवाजात कोणीतरी पाठमोरे उभे राहून गुणगुणते आहे असे वाटू लागले. मी मागे वळून पाहिले नाही. पाहिले तर थांबेल असे वाटले. बावीस वर्षांची होते मी, आणि चपला सुरक्षित होत्या.

"आई, सव्वातीन झालेत," मेधाचा आवाज फार लांबून आला.

"झाले तर झाले."

मंदारराव एका दगडावर बसले होते. त्यांनी फोन खिशात ठेवला, आणि तो ठेवताना जे हसू हसले ते मला त्या धुक्यातही दिसले. लहान मुलाला जत्रेच्या दारातून परत नेले की ते जसे हसते, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून, तसे. माझे सुख जरासे निवले. पण बाहेर यायला मी तयार नव्हते.

इतक्यात पलीकडून पावले वाजली. धुक्यातून माणसे येऊ लागली: एक, दोन, पाच, चांगली पंधरा-वीस! पुढे चौकडीच्या स्कर्टमधली एक गोरी बाई. मी ओळखले, यात्रेकरू! तीर्थ जागृत असले पाहिजे.

ती बाई मागच्या लोकांकडे तोंड करून, उलट्या पावलांनी येत होती आणि खणखणीत आवाजात काही समजावून सांगत होती. कुंडावर अशी झुंबड उडाली की शिस्त लागते. मी पाण्यातूनच हात वर केला आणि आमच्या हेडमास्तरांनी शिकवलेल्या इंग्रजीत स्पष्ट सूचना दिल्या. स्त्रियांनी या बाजूला यावे, पुरुषांनी पलीकडे. आधी पाय धुवावेत. साबण लावू नये. पादत्राणे कृपया लांब काढावीत.

एका उंच गृहस्थाने तर मुकाट्याने खाली वाकून एक बूट काढलासुद्धा.

ती बाई वळली. माझ्याकडे पाहिले, कुंकू लावलेल्या नळाकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग तिने घसा साफ केला आणि, तिच्या सौजन्याला खरोखर तोड नाही, आपले अर्धे राहिलेले वाक्य पुरे केले.

"...आणि हा आमचा कूलिंग पाँड. आत व्हिस्की थंड करताना जे पाणी तापतं, ते या पाइपातून इथे येऊन निवतं. एरवी," ती म्हणाली, "इथे फक्त बदकं असतात."

तिच्या मागे धुके जरा फाटले. भिंत दिसली. भिंतीवर माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत डिस्टिलरीचे नाव.

तीन वाजताची टूर! आमचे जावई तिच्याकडे जाऊ शकले नाहीत, म्हणून तीच त्यांच्याकडे चालत आली होती. आणि सासूबाई? पायरी न चढण्याचा ज्यांचा निर्धार, त्या चार पायऱ्या उतरून थेट हौदात बसल्या होत्या. आचमनासह!

"मंदारराव," मी कशीबशी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होते?"

"मी दोनदा सांगायला गेलो, आई."

"मग तिसऱ्यांदा का नाही सांगितलेत?"

"तुम्ही गुणगुणत होतात," ते म्हणाले. "तुम्हाला असं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हटलं, राहू दे."

मी बाहेर आले. बाहेरचा वारा असा झोंबला, की दात वाजायला लागले. ओल्या पातळात मी थरथरतेय हे पाहून त्या गाईडबाईने हुकूमच सोडला. आमच्याकडची सगळ्यात उबदार जागा भट्टीची खोली, तिथे चला. कोरडे बदलायला दिले ते त्यांच्या कामगारांचे जाड निळे जाकीट आणि तसलीच तुमान. पाठीवर डिस्टिलरीचे नाव. घातले. जुन्या मॅट्रिकने घातले!

आत गेले आणि पाहतच राहिले. आमच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. चिंचेने घासला की सकाळच्या उन्हात सोन्यासारखा दिसायचा. इथे तसले बंब दोन मजले उंच, हंसासारख्या लांब मानांचे, आणि सगळे मंद सुरात घुमत होते. त्यांच्या उबेला मी खुर्ची टाकून बसले आणि मंदारराव मला समजावून सांगू लागले. मान उंच का, तांबेच का, वाफ कुठे वळते, हलके काय वर जाते आणि जड काय मागे फिरते. हात हलवीत, चष्मा कपाळावर सरकवून, बोलतच राहिले! सोळा वर्षांत या माणसाला मी इतके बोलताना ऐकले नव्हते. माझ्या आडमुठेपणापायी आज हे सारे बुडणारच होते की!

शेवटी गाईडबाईने त्यांच्यापुढे लहानसा पेला धरला. गाडी मेधा चालवणार होती. त्यांनी पेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

मी खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर धुक्यावाचून काही नव्हते. तरी चांगला वेळ पाहिले.

त्या खोलीत एक उग्र गोडसर वाफ असते. तिने म्हणा, उबेने म्हणा, की स्नानाने म्हणा, माझा डोळा लागला. मेधाने उठवले तेव्हा पाच वाजत आले होते. गाल पेटल्यासारखे लाल झालेले, मोकळे केस पाठीवर, आणि बसून बसून गुडघ्यांनी पुन्हा असहकार पुकारलेला. एका बाजूने मेधाने धरले, दुसऱ्या बाजूने गाईडबाईने, आणि अशी झोकांड्या खात मी डिस्टिलरीच्या मुख्य दारातून बाहेर पडले.

दाराशी नुकतीच एक गाडी थांबली होती. तिच्यातून एक गृहस्थ उतरले होते, मागोमाग त्यांची पत्नी. माझ्याच वयाची, चापूनचोपून पातळ नेसलेली, अंबाडा जागच्या जागी. मला पाहून ती आधी कपाळावरच्या कुंकवाकडे, मग अंगातल्या जाकिटाकडे, मग लटपटत्या पायांकडे बघत राहिली. आणि नवऱ्याकडे वळून, मला मराठी कळत नसेल अशा खात्रीने, म्हणाली:

"पाहिलंत? या वयात, आणि भर दिवसा! चला, बसा गाडीत. नुसतं बघायला म्हणून जातात, अन् हे असं बाहेर येतात."

ते बिचारे कानाची पाळी चोळत निमूट गाडीत बसले. त्यांच्यासाठी दोन शब्द बोलावेत, खुलासा करावा, म्हणून मी तोंड उघडलेसुद्धा. पण तोंडातून आली ती एक मोठी जांभई.