तोंडवलीने आणलेली लेक

तोंडवलीच्या चंद्रावतीने आपली एकुलती एक लेक प्रेमलता हरमलला दिली, तेव्हा आपण पोरीला परमुलखात देतोय असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तेरेखोलची खाडी ओलांडली की हरमल हाकेवर. मासळी तीच, देवदेवस्की तीच. पलीकडे राज्य तेवढं पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं. पण पंचावन्न सालच्या ऑगस्टात सत्याग्रही गोव्यात शिरले, गोळ्या चालल्या, माणसं पडली आणि सरहद्द बंद झाली. प्रेमलता तेव्हा पोटुशी होती. बाळंतपणाला माहेरी यायची होती.

चंद्रावती विधवा बाई. होडीवरचे मासे घ्यायचे, पाटी डोक्यावर घेऊन आचऱ्याच्या बाजारात बसायचं, यावर तिचं पोट. त्याच बाजारात तिला बातमी कळली. हरमलचे आणि शिरोड्याचे होडीवाले समुद्रात भेटायचे, जाळी टाकता टाकता निरोप द्यायचे. शिरोड्याच्या मासेवाल्या बायकांनी तो निरोप वेंगुर्ल्याला सांगितला, तिथल्यांनी मालवणला आणि मालवणवाल्यांनी आचऱ्याला. जावई रविकांत हरमलच्या शाळेत मास्तर होता. शाळेत तिरंगा सापडला म्हणून पोलीस त्याला घेऊन गेले होते. प्रेमलता घरात एकटी होती आणि शेजारपाजारचे भीतीने तिच्या अंगणात पाय ठेवत नव्हते.

चंद्रावती विकायला काढलेले बांगडे तसेच टाकून उठली. शेजारी बसणाऱ्या सुगंधाने दोन्ही पाट्या आवरल्या आणि तिच्यामागोमाग घरी आली.

"काय तरी खा गो," सुगंधा म्हणाली.

"पोरीन काय खाल्ल्यान आसतला?" एवढंच चंद्रावती बोलली.

तेव्हापासून वाळूत कुणी पळत आलं तरी ती दाराशी धावायची. पाखले बायकांनाही धरून नेतात, असं कुणीतरी बोलून गेलं आणि ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. मदत मागायचीही तिला भीती वाटे. कोणत्या तोंडाने सांगणार, माझ्या लेकीसाठी तुमची माणसं पाखल्यांच्या बंदुकीसमोर घाला म्हणून?

तिने मागितलं नाहीच. सुगंधाने नवऱ्याला, शंकरला, सांगितलं आणि शंकरने मांगरात, जाळी ठेवायच्या खोपीत, माणसं जमवली. सरहद्दीच्या अलीकडच्या रेडीसमोर समुद्रात हरमलची होडी गाठायची आणि पोरीला आपल्या होडीत घ्यायचं, असा त्याचा बेत.

म्हातारा परशुराम आडवा आला. "पाच घरां त्या होड्येर जगतत, शंकर. होडी धरली तर ती खातली काय?"

त्याचं खोटं नव्हतं. चंद्रावती दाराशी उभी होती. ती म्हणाली, "माका कोणाची होडी बुडवूची नाय."

"तू गप रव," सुगंधा उसळली. "होडी गेली तर ती पाच घरां आपण बाकीच्या होड्यांर वाटून घेऊया. प्रेमलता ह्याच वाळूत वाढली. ता चेडू आपला नाय काय?"

"ह्या तुम्ही आज बोलतास. उद्या?" परशुरामाने विचारलं.

एकेका होडीवाल्याने पुढे येऊन हो म्हटलं. परशुराम उठून गेला नाही.

निरोप आला तसाच उलट्या वाटेने गेला आणि हरमलवाल्यांचा होकार घेऊन परतला. शंकर निघाला. दुसऱ्या दिवशी यायची होडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वेंगुर्ल्याकडून उडती बातमी आली, पाखल्यांची गस्तीची लाँच फिरतेय. आता शंकरच्या काळजीने सुगंधाचाही चेहरा उतरला. चंद्रावतीला तिच्याकडे बघवेना. पण सुगंधा येऊन तिला चिकटून बसली. मग एकेक करत वाडीतल्या बायका आल्या. कुणी पेज आणली, कुणी नुसतीच बसली. त्या दिवशी आचऱ्याच्या बाजाराला कुणीच गेलं नाही.

ऊन कलता कलता शीड दिसलं. सुगंधाने चंद्रावतीला ओढतच पाण्यात नेलं. शिडाच्या कापडाखाली प्रेमलता पडली होती, ओकून ओकून अर्धमेली, पण जिवंत. लाँच दिसली म्हणून शंकरने रेडीच्या खडकांआड होडी दडवून ठेवली होती. त्याने बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "भूक लागली."

महिन्याभरात प्रेमलताला मुलगी झाली. लीला. रविकांतची मात्र काहीच खबर नव्हती. कधी तुरुंगात आहे म्हणत, कधी समुद्रापार पाठवला म्हणत. प्रत्येक अफवेला मायलेकींचं जेवण ताटातच राहायचं आणि प्रत्येक वेळी ओटीवर कुणी ना कुणी येऊन बसलेलं असायचं. अशी सहा वर्षं गेली.

एकसष्टच्या डिसेंबरात पाखले गेले आणि रविकांत सुटून आला. केस पिकलेले, एक पाय ओढत चालणारा. लीलाला तो अनोळखी माणूस वाटला. ती धावत सुटली ती सुगंधाच्या पदराआड लपली.

"आज्ये, हो कोण गो?"

सुगंधाने तिला उचललं, रविकांतच्या हातात दिलं, आणि स्वतःच रडायला लागली.