सरांचे अधिकार काढले तेव्हा

इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं, कुणीही दुरुस्त करू शकतं, पगार कुणालाच नाही. त्यात माझा पहिला लेख मोरिवलीवर होता. ते माझं माहेर. कारखाने येण्याआधीची भातखाचरं, तळं, सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी लेख गायब. एका प्रचालकाने, म्हणजे लेख काढायचा अधिकार असलेल्या स्वयंसेवकाने, त्या जागी लिहिलं होतं, ‘आईने सांगितलं हा संदर्भ होत नाही.’

‘मग काय होतो?’ मी चिडून विचारलं.

त्यांनी मात्र सविस्तर सांगितलं. जुनी वर्तमानपत्रं कुठे मिळतात, टीप कशी द्यायची. लेख पुन्हा उभा राहिला, निम्मा होऊन. ते वांगणीला राहणारे निवृत्त ड्राफ्ट्समन, नकाशे-आराखडे काढण्यात आयुष्य गेलेलं. मी त्यांना सर म्हणू लागले.

दिवसा अंबरनाथला कंपनीत अकाउंट्स, जेवणं आटोपली की ज्ञानकोश. सरांनीच नाव सुचवल्यामुळे मी प्रचालक झाले आणि पुढे स्वयंसेवकांच्या संस्थेची अध्यक्ष.

“पगार नाही, तर अध्यक्ष कशाची?” नवऱ्याने विचारलं.

“भांडणांची,” मी म्हटलं.

सगळ्यात जास्त तक्रारी सरांविरुद्धच होत्या. उल्हासनगरच्या कार्यशाळेत एका सिंधी मुलीने दाल-पकवानवर लेख लिहिला. मोडकं मराठी, पण मनापासून. सरांनी तो लगेच काढला आणि लिहिलं, ‘आधी शुद्धलेखन शिका, मग ज्ञान वाटा.’ ती परत आली नाही. अशी बरीच माणसं गेली. मी फोनवर समजावून थकले. शेवटी मतदान झालं आणि सरांचे अधिकार काढायचं ठरलं. जाहीर करण्याआधी मी रविवारी वांगणीला गेले.

सर दुधीचा वेल मांडवावर चढवत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

“तुझं मत कुणीकडे?”

“काढावेत, असंच.”

“माझी दुरुस्ती चुकली कधी?”

“नाही सर. पण लिहिणारेच पळून गेले तर दुरुस्त काय करायचं?”

“तुलाही असाच बोललो होतो. तू पळालीस?”

“मी भांडकुदळ, म्हणून टिकले. सगळे तसे नसतात.”

दारातून काकू म्हणाल्या, “अगं, घरी तरी काय? वाण्याच्या बिलातलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवतात.”

मला हसू आलं, सरांना नाही. “सरबत पिऊन जा,” म्हणाले आणि वेलाकडे वळले.

जाहीर केल्यावर काही जुने लोक मला कृतघ्न म्हणाले आणि निघून गेले. त्याचं वाईट वाटलं. पण निर्णय बदलावासा वाटला नाही. त्या मुलीला मी स्वतः फोन केला. बरेच आढेवेढे घेऊन ती आली आणि तिने लेख पुन्हा लिहिला. भाषा आम्ही दोघींनी बसून नीट केली.

काही महिन्यांनी सर साधे सदस्य म्हणून परतले. लेखांना हात लावला नाही. गावांचे नकाशे स्वतः रेखाटून ज्ञानकोशावर चढवू लागले. स्वच्छ, सुरेख नकाशे. नवख्यांनी काही विचारलं की एका ओळीत उत्तर देत. त्यात टोमणा नसे.

अध्यक्षपदाची मुदत संपल्यावर मी पुन्हा उभी राहिले नाही. सर मला फोन करत नाहीत, मीही केलेला नाही. चौदा एप्रिलला काकूंचा जयंतीच्या शुभेच्छांचा मेसेज येतो, खाली दोघांची नावं असतात.