घरगाडीचा क्लेम

धाकट्या दिरांनी कॅरव्हॅन घ्यायचं काढलं तेव्हा आमच्या घरात एकच स्वयंपाकघर होतं. आडगाव नाक्याच्या आतल्या अंगाला आमचं घर, त्याला लागून मोकळं आवार आणि आवारात आमचे टेम्पो. पिंपळगावच्या पॅकहाउसमधून द्राक्षांचे क्रेट उचलून मुंबईला पोचवायचे, द्राक्षं संपली की कांदा, असा सासऱ्यांनी सुरू केलेला धंदा माझ्या नवऱ्याने वाढवला. दीर ह्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. ते शाळेत असतानाच सासरे गेले, त्यामुळे त्यांचं शिक्षण, लग्न सगळं ह्यांनीच केलं. म्हणायला भाऊ, पण वागणं बापलेकासारखं. मी दिरांना भाऊजी म्हणते, वयाने लहान असले तरी.

भाऊजी इंजिनिअर झाले, पण नोकरीत रमले नाहीत. ह्यांच्याबरोबर टेम्पोंचं बघत होते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं द्राक्षबागा आणि धरण बघायला नाशकात येतात, हॉटेलं भरून जातात, तर ज्यात झोपता येईल, चहा करता येईल अशी गाडी भाड्याने दिली तर चालेल, असं त्यांच्या डोक्यात आलं. एका कंपनीची कामगार नेणारी जुनी ट्रॅव्हलर त्यांनी शोधली. ह्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. माल नेणारी गाडी कमावते, झोपायला गाडी कशाला लागते, असं ते मला म्हणाले. पण भावाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. गाडी आली. बाकीच्या गाड्यांसारखी तीही आमच्या फर्मच्याच नावावर घेतली.

अंबडच्या एका गॅरेजात तिचं काम चाललं होतं तेव्हा मी आणि माझी धाकटी जाऊ रोज काहीतरी निमित्त काढून बघायला जायचो. आत दोन बाजूंना पलंग, वर आणखी एक, मागे इवलासा ओटा आणि नळ. टपावर एसी. जाऊ येवल्याची, तिच्या माहेरी हातमाग. तिने खिडक्यांचे पडदे स्वतः शिवले आणि माहेरून आणलेल्या उरल्यासुरल्या रेशमाची किनार त्यांना लावली. भाड्याच्या गाडीला कशाला एवढं, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "ताई, आधी आपण जाऊन येऊ ना. मग देऊ भाड्याने."

आणि गेलो. गंगापूर धरणाच्या पाण्याकडेला, भाऊजींच्या लहान मुलीसकट सगळे. हे येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले. वरच्या पलंगावर चढताना त्यांचं डोकं आपटलं आणि ते चक्क हसले. सकाळी पाण्याकडे तोंड करून बसले होते, हातात चहा, आणि भाऊजींना डिझेल किती खाते, टाकी केवढी आहे असलं काहीबाही विचारत होते. त्यांना गाडी आवडली होती. तसं म्हणायचं नव्हतं, एवढंच. त्या दिवसापासून आम्ही सगळेच तिला घरगाडी म्हणायला लागलो.

पुढे गाडीला गिऱ्हाईक मिळायला लागलं. मग एका रविवारी अपघात झाला. त्या दिवशी गाडी भाऊजी स्वतःच चालवत होते. मुंबईचं एक कुटुंब बसलेलं, त्यात एक म्हाताऱ्या बाई. नेहमीचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलेला, म्हणून भाऊजींनी गावातल्या आतल्या वाटेने गाडी घातली. जड वाहनं शिरू नयेत म्हणून त्या वाटेवर लोखंडी कमान उभी केलेली होती. खालून जाईल असं त्यांना वाटलं. टपावरचा एसी उखडला, पत्रा पुढून मागपर्यंत चुरगळला. कोणाला लागलं नाही. म्हाताऱ्या बाई मात्र फार घाबरल्या होत्या. त्या लोकांचं भाडं भाऊजींनी सगळं परत केलं.

विम्याचा क्लेम केला. कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला. आरसी बुकावर गाडीची नोंद कॅरव्हॅन म्हणूनच होती, कागदपत्रांत काही खोट नव्हती, त्यामुळे क्लेम मंजूर झाला. गाडी पुन्हा उभी राहिली. हे त्या वेळी भाऊजींना एक शब्द बोलले नाहीत. उलट मला म्हणाले, माणसं वाचली हे मोठं.

बिनसलं ते पुढच्या उन्हाळ्यात. टेम्पोंचे विमे भरायची वेळ आली आणि हप्ते बरेच वाढून आले. आमचा एजंट सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. ह्यांनी त्याला फोन लावला. तो घाईत असावा. तुमच्याकडे क्लेम झालाय ना यंदा, थोडं वर जाणारच, एवढंच तो म्हणाला. ह्यांनी फोन ठेवला.

त्याच वर्षी आमचा एक टेम्पो चांदवडच्या चढावर कांद्यासकट मागे घसरून एका ट्रकवर आदळला होता आणि त्याचाही क्लेम आम्ही घेतला होता. पण ते ह्यांच्या मनातही आलं नाही. टेम्पो आपटणं म्हणजे धंदा. आज मला वाटतं, एजंटच्या तोंडून क्लेम हा शब्द ऐकल्यावर ह्यांच्या डोळ्यांपुढे फक्त घरगाडीच आली असणार.

दुपारी जेवायला बसलो होतो. जाऊ पोळ्या वाढत होती. ह्यांनी आवाज न चढवता म्हटलं, "तुझ्या गाडीचा क्लेम माझ्या टेम्पोंना भोवला."

तुझ्या आणि माझ्या असं त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

भाऊजी म्हणाले, "दादा, तसं नसतं. प्रत्येक गाडीची पॉलिसी..."

"धंदा मी करतो. विमा मला शिकवू नकोस."

भाऊजींनी खाली मान घालून जेवण संपवलं. ते आपली बाजू सांभाळायला बोलत असतील, असंच मलाही वाटलं. विम्यातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं.

त्यानंतर जे झालं त्यात कुठेही भांडण नव्हतं, म्हणून तर ते थांबवता आलं नाही. हे म्हणाले, घरगाडी भाऊजींनी आपल्या नावावर करून घ्यावी, म्हणजे उद्या पुन्हा क्लेम झाला तर टेम्पोंना चिकटणार नाही. तसं पाहिलं तर रास्तच वाटणारं बोलणं. आरटीओत गाडी नावावर झाली. गाडी त्यांच्या नावावर, तर तिचं डिझेल, टायर, दुरुस्ती फर्मच्या पैशातून कशी करायची? तेही वेगळं झालं. मग हंगामात आवारात टेम्पो मावेनात, तेव्हा एका ड्रायव्हरने साधेपणाने विचारलं, "मालक, ती घराची गाडी लय जागा खाते, कुठं दुसरीकडं लावता येत नाय का?" ह्यांनी त्याला गप्प केलं, पण भाऊजींनी ऐकलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाथर्डी फाट्याकडे एक प्लॉट भाड्याने घेतला आणि गाडी तिकडे नेली. रोज तिकडे जाणं-येणं लांब पडायला लागलं, म्हणून जवळ फ्लॅट बघितला. जाऊ मला म्हणाली की थोडे दिवस राहून बघतो. तिने स्वतःच्या लग्नातली भांडी तेवढी नेली. बाकीची नेतेस का म्हटलं तर म्हणाली, "इथंही लागतील ना ताई."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विसंबून राहिले.

फर्मचा आधार सुटल्यावर एकट्या गाडीचं गणित बसेना. पावसाळ्यात बुकिंग नसायचं, पण प्लॉटचं भाडं आणि विम्याचे हप्ते थांबायचे नाहीत. शेवटी पुण्याच्या एका माणसाला भाऊजींनी घरगाडी विकली आणि सिन्नरच्या एका कारखान्यात नोकरी धरली. ह्यांना ते बाहेरून कळलं. मनमाडच्या एका लग्नात कोणी तरी म्हणालं, तुमच्या भावाने गाडी काढून टाकली म्हणे. ह्यांनी मान हलवली, जणू आधीच माहीत होतं.

खरं काय ते मला कळलं ते माझ्या स्वतःच्या छोट्या गाडीमुळे. ती माझ्या नावावर आहे. पंचवटीत भाजी घ्यायला थांबले असताना एका पिकअपने तिचं मागचं दार दाबलं आणि निघून गेला. खर्च मोठा होता. क्लेम करूया म्हटलं, तर हे म्हणाले, नको, पुन्हा टेम्पोंचे हप्ते वाढतील. त्यांचं म्हणणं डावलून मी गेले असं नाही. नीट विचारून तरी यावं, एवढ्यासाठीच विमा कंपनीच्या ऑफिसात गेले.

तिथल्या अधिकारी माझ्याच वयाच्या बाई होत्या. माझा प्रश्न ऐकून त्यांना नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "क्लेम न केल्याची जी सवलत मिळते, ती त्या-त्या गाडीच्या पॉलिसीवर असते. एका गाडीने क्लेम घेतला म्हणून दुसरीची जात नाही."

मी विचारलं, सगळ्या गाड्या एकाच मालकाच्या असल्या तरी? त्या म्हणाल्या, तरीही. पुष्कळ गाड्या असणाऱ्या गिऱ्हाइकाला वरची काही सूट द्यायची असेल तर कंपनी कधी कधी त्याचे एकूण क्लेम बघते, तो तिचा निर्णय. पण ती क्लेम न केल्याची सवलत, म्हणजे बोनस, गाडीगणिक वेगळाच. मी फर्ममध्ये भागीदार आहे. म्हणून मग धीर करून त्या वर्षीच्या टेम्पोंबद्दल विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. थर्ड पार्टीचे, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचे, दर त्या वर्षी सगळ्याच मालवाहू गाड्यांचे वाढले होते, ते सरकार ठरवतं. चांदवडला आपटलेल्या टेम्पोचा बोनस त्याच्या स्वतःच्या क्लेममुळे गेला होता. बाकीच्या टेम्पोंचा जसाच्या तसा होता. एकूण क्लेम बघून कापलेली सूट वगैरे आमच्या बाबतीत काही नव्हतं. "कॅरव्हॅनचा इथे कुठे संबंधच नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून त्यांनी पाणी मागवलं.

घरी आले तेव्हा हे आवारात ताडपत्र्या मोजून घेत होते. मी त्यांना आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी एजंटला फोन केला. एजंट आता थकलाय, काम त्याचा मुलगा बघतो, पण फोन म्हाताऱ्याने स्वतःच उचलला. तो म्हणाला, अहो, मी तुमच्या चांदवडच्या टेम्पोबद्दल बोललो होतो, दुसरं काय असणार? हे खुर्चीवर बसले. बाहेरून ड्रायव्हर हाका मारत होता, त्याला मीच जाऊन सांगितलं की ताडपत्र्या उद्या मोजू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला चल म्हणाले. कुठे ते विचारायची गरज नव्हती. पाथर्डी फाट्याच्या त्या फ्लॅटवर हे आधी कधीच गेले नव्हते. भाऊजींनी दार उघडलं, दादाला बघून वाकून पाया पडले.

ह्यांनी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, एखादा निरोप पोचवावा तसं. ऑफिसातल्या बाई काय म्हणाल्या, एजंट काय म्हणाला, चूक कुठे झाली. भाऊजी शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दादा, मला माहीत होतं. मी तेव्हाच एजंटकडे जाऊन विचारून आलो होतो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"जेवताना सांगायला लागलो होतो."

ह्यांना ते आठवलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

भाऊजी पुढे म्हणाले, "पुन्हा सांगता आलं असतं. पण तुम्हाला माझी गाडी नकोच आहे असं मला वाटलं. विमा नसता तर दुसरं काही निघालं असतं."

ह्यांना गाडी आवडली होती, हे मला सांगायचं होतं. वरच्या पलंगावर हसले होते ते, पाण्याकडेला बसून चौकशी करत होते. पण ते त्यांनी स्वतः म्हणायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले की पुन्हा घेऊ एखादी, फर्मच्या नावावर घेऊ, तू परत ये.

भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. नोकरी बरी चाललीय, मुलीची शाळा इथेच जवळ आहे, असं सांगितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी तरी भांडले असते.

जावेने चहा केला. सगळ्यांनी घेतला. निघताना ह्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

माझ्या गाडीचा क्लेम मी केला. दार नवं बसलं. टेम्पोंच्या हप्त्यांत त्या गाडीमुळे काहीच फरक पडला नाही, आणि ते कागद हातात आले तेव्हा ह्यांनी ते न बघताच कपाटात ठेवले.

आता भाऊजी आणि जाऊ दिवाळीला येतात, भाऊबीजेपर्यंत राहतात. कोणी टोचून बोलत नाही, कोणी मागचं काढत नाही. हे त्यांच्यासाठी पिंपळगावहून चांगल्यातली द्राक्षं राखून पाठवतात. फक्त मागच्या वेळी जाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून मला म्हणाली, "ताई, पाणी घेऊ का?" घे ना, असं मी म्हटलं, आणि पेला कुठे आहे ते तिला दाखवलं.