बिलावरची आडवी रेघ

शिरूरच्या नदीकडच्या वस्तीत ताईबाईचं घर विचारलं तर लोक हल्ली एकच खूण सांगत: ज्या घरात दिवा नसतो ते. बाई नवऱ्यामागं चिक्कू झाली, असं सगळ्यांना वाटायचं. शेजारची मालनबाई तर तोंडावर म्हणायची, "वीज काय वर घिऊन जाणार हायेस का गं?" मालनबाईच्या जिभेला हाड नाही, पण मनानं ती वाईट नाही.

तिचा नवरा बन्सी रांजणगावला एका कंपनीत हेल्पर होता. लेक करुणा अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. बिल थकलं म्हणून वायरमननं खांबावरून लाइन तोडली. बन्सी सेकंड शिफ्ट करून आला तर बायको उंबऱ्यावर, मांडीवर पोर आणि घरात काळोख. विंचवाच्या भीतीनं ती आत गेलीच नव्हती. बन्सी तिच्याशेजारी टेकला आणि म्हणाला, "मी हाय तवर, आन् नसलो तरी, तू अंधारात बसायची न्हाईस." बायकोची समजूत काढताना पुरुष काय वाटेल ते बोलतात आणि सकाळी विसरतात. हा विसरला नाही. पुढं घरात मीठ नसलं तरी बिल भरलेलं असायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्याची छाती गेली. दवाखान्यातून ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं, ते पलंगाशेजारी रात्रंदिवस घरघरत राहिलं. पावसाळा सरता सरता आपलं काय होणार हे बन्सीला कळून चुकलं. जावई जालिंदर दौंडहून भेटायला आला, तेव्हा बन्सीनं त्याला आपली मोटारसायकल विकायला लावली आणि आलेली सगळी रक्कम विजेच्या बिलात आगाऊ भरायला सांगितली.

"मामा, बिलात एवढं कोण भरतं व्हय? मामींच्या हातात द्या की."

"हातात दिलं तर ती तुमच्या पोरास्नी कपडं करंल. तिथं ऱ्हाऊ द्या. तिथनं तिला काढता येत न्हाई."

जालिंदरनं मोबाइलवरून पैसे भरले. दिवाळीच्या तोंडावर बन्सी गेला.

त्यानंतर आलेल्या बिलावर रकमेच्या आधी एक छोटी आडवी रेघ होती. करुणानं आईला समजावलं, "रेघ म्हंजी उणे. आपलंच पैसं तिकडं शिल्लक हायेत. रेघ हाय तवर तुला काय भरायचं न्हाई. बापूच भरत्यात म्हन."

करुणा हे सहज बोलून गेली, पण ताईबाईच्या मनात ते खोल रुतलं. बापूच भरत्यात. म्हणजे हार घातलेल्या फोटोतला तो माणूस अजून घर चालवत होता! पुढच्या महिन्यात रेघेपुढचा आकडा घटलेला दिसला. नवरा एकदा गेला तो गेला. आता हप्त्याहप्त्यानं पुन्हा जायला लागला होता.

तेव्हापासून तिनं एकेक बटण बंद केलं. टीव्ही, पंखा, दारातला दिवा, शेवटी बुद्धाच्या तसबिरीवरची दिव्यांची माळसुद्धा. तिथं ती मेणबत्ती लावायची, आणि तिच्याच उजेडात भाकरी थापायची. मालनबाई हसायची, "चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला! मेणबत्त्यांच्या पैशात बल्ब जळला असता की." ताईबाईला हिशेब कळत नव्हता असं नाही. मेणबत्ती तिच्या पैशाची होती. वीज त्याची होती.

काळोखात पलंगाकडं तोंड करून बसली की तिला तो तिथंच पडल्यासारखा वाटायचा. ती त्याच्याशी दोन शब्द बोलायचीही. हे तिनं करुणालाही कधी सांगितलं नाही.

मीटर होता पडवीत, जाळीच्या दाराआड. पूर्वी रीडिंगवाला आला की शिफ्टवरून आलेला बन्सी दार उघडून द्यायचा. आता ताईबाई दिवसभर मार्केट यार्डात कांदा निवडायला, आणि दाराला कुलूप. रीडिंगवाल्यानं शेजारी विचारलं. मालनबाई चुलीपुढनं न उठताच ओरडली, "असंल लेकीकडं दौंडला! दिवा तरी कुठं दिसतोय त्या घरात?" त्यानं घर बंद असं लिहून टाकलं. पुढचे महिनेही तो नुसता कुलूप बघून गेला.

मधली बिलं ओट्यावरून वाऱ्यानं कुठं उडाली कोण जाणे. उन्हाळ्यात एक हाती आलं. त्याच्यावर रेघ नव्हती.

ताईबाईनं कागद उलटा केला, उजेडात धरला, पदरानं पुसला. रेघ नव्हतीच. यार्डातली हजेरी बुडवून ती वीज कंपनीच्या ऑफिसात गेली. खिडकीतला मुलगा चांगला होता, त्यानं तिला खुर्ची दिली.

"आजी, घर बंद म्हणून रीडिंग नाही, सरासरीनं बिल पडलंय. त्यात तुमची शिल्लक संपली."

"म्या तर दिवाबी लावत न्हाई. कशाची सरासरी?"

"मागच्या वर्षीच्या वापराची." त्यानं स्क्रीनवर पाहिलं. "बाप रे, तेव्हा युनिट लई पडलेत. एसी होता का घरात?"

"न्हाई, लेकरा," ताईबाई म्हणाली. "मशीन व्हतं."

त्याला काही उमगलं नाही. "घाबरू नका. खरं रीडिंग घेतलं की जादाचे पैसे वळते होतील. पुन्हा उणे येईल."

"त्यांचंच येतील का?"

"पैसे ते पैसे, आजी. त्यात कुणाचे काय?"

ती उठली. मशीनवरचे जे श्वास तिनं त्याच्या उशाशी बसून ऐकले होते, त्यांच्यातच त्याची शिल्लक गेली होती. आता येतील ते कंपनीचे.

दिवेलागणीला मालनबाई ओट्यावर आली. सगळं ऐकून ती पहिल्यांदाच चिडवायचं विसरली. "आगं, पण बन्सीभाऊंनी भरलं व्हतं कशापायी? तू अंधारात बसू नयेस म्हणूनच ना?"

ताईबाई उठून आत गेली आणि एकेक करून सगळी बटणं दाबली. दारातला दिवा लागला, माळ लागली, पंखा कुरकुरत फिरू लागला. लख्ख उजेडात पलंग दिसला. गादी गुंडाळून भिंतीला लावलेली, नुसत्या फळ्या उघड्या. तिथं कुणी नव्हतं.

उंबऱ्यावर येऊन ती मोठ्यानं रडली, आणि दिवा तिच्या डोक्यावर जळत राहिला.