खालच्या तुकड्यातले बटाटे

"बांध फुटला त्यात माझा काय दोष, आई? मी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाय केलंस. पन लपवलंस ना? माझी रोपं एकदम काळीशार हिरवी झाली, नि मी गावभर सांगत फिरले, बघा शेणखताची ताकद."

सुयोगला हसू आवरलं नाही, तशी बनूबाई आणखीच तापली.

चामटोलीतल्या त्या शेताचे मायलेकांत दोन वाटे होते. वरच्या तुकड्यात सुयोग युरिया, फवारणी, सगळं करायचा. खालच्यात बनूबाईचं शेणखत आणि निंबोळी पेंड. लेकाचे बटाटे मोठे, पोतंही पटापट भरतं, हे ती कुणापुढेही कबूल करी. पण आपले लहान, घट्ट सालीचे बटाटे माळ्यावर पसरून ठेवले की लवकर कोंब धरत नाहीत, हे ती कुणी न विचारताच ऐकवी. अंबरनाथ पश्चिमेला टोपली घेऊन दारोदार फिरलेली बाई. तिचा आवाज खाली येणं कठीण. तिथल्या जुन्या गिऱ्हाईक मालिनीताईंच्या सोसायटीने यंदाचा तिचा सगळा माल आधीच सांगून ठेवला होता. अट एकच, रासायनिक खताचा कण नको.

आणि सुयोगने पाटाच्या पाण्यात युरिया सोडला, मधला बांध फुटला, पाणी उताराने थेट तिच्या सऱ्यांत शिरलं. त्याने बांध लिंपला नि तोंड मिटलं. आज बांधावरची नवी माती तिच्या नजरेत भरली.

एकदाच तर पाणी गेलं, असं सुयोग पुन्हा पुन्हा सांगत राहिला. एवढ्यासाठी बांधलेलं गिऱ्हाईक कोण घालवतं?

"त्यांना कळणार कसं पण?"

"मला कळलंय ना."

मग तिने फैसलाच सुनावला. यंदाचा माल साधा बटाटा म्हणून उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात जाईल. पुढच्या हिवाळ्यात वरचा तुकडा तिचा, खालचा त्याचा. "माझं पाणी तुझ्यात उतरलं तर तुझं काय बिघडनार हाय?"

सुयोगने हळूच विचारलं, "आणि खरं सांगितल्यावर मालिनीकाकू पुन्हा तुझ्याकडून घेतील, असं वाटतं तुला?"

बनूबाईने पदर कमरेला खोचला, चपला पायांत सरकवल्या आणि अंबरनाथला जायला ती रस्त्याला लागली.