रस्त्याकडची भिंत

नसरापूरला एक आजी वेल्ह्याच्या एसटीत चढल्या, त्या खिडकी घेऊनच. जुनी सागवानी खिडकी, गजांसकट. कंडक्टर म्हणाला, "आजी, हिचं पन तिकीट फाडू का?" त्या हसल्या नाहीत. खिडकी मांडीवर आडवी घेऊन पदरानं एकेक गज पुसत बसल्या.

मी शेजारीच होते, विचारलं तेव्हा कळलं. विंझरला त्यांच्या घराला लागून गोठा होता. जनावरं विकली, म्हणून तिथं धाकट्या बहिणीसाठी खोली करायला घेतली होती. बहीण पुण्यात, लेकाकडे.

"येती म्हनलीया," त्या म्हणाल्या. मग पुढचा गज पुसत, "लई दिस झालं, नुसतं म्हनतीया."

मी आपलं सुचवलं, "खिडकी रस्त्याकडं काढा, आजी. येणारी-जाणारी माणसं दिसतील, करमेल त्यांना."

"न्हाई बाई. माज्या चुलीकडं काढनार हाय. रस्ता दिसला की मानसाला जावंसं वाटतं."

त्यांनी उतरताना दाखवलेला तो गोठा आता मला रोज एसटीतून दिसतो. वर नवा पत्रा आलाय, भिंतींना चुना लागलाय. मी मान वळवून बघत राहते. रस्त्याकडची भिंत मात्र कोरी आहे. बहीण आली का, ते रस्त्यावरून कळायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही.