सोनाआत्याचे वाल

सोनाआत्याकडे कुणी वालाचं बियाणं विकत मागितलं की ती भडकायची. "बी इकायचं नसतं बाबा! ने, पेर, नि पिकलं का सवाईनं आनून दे." बदलापूरच्या पलीकडे आमचं गाव. तिथं वाल म्हणजे माझ्या या आत्याचे, राखेत घोळवून मडक्यात जपलेले. भात कापून झालं की अर्धं गाव तिच्या ओटीवर.

मग भेंडीवाली कंपनी आली. बी त्यांचं, औषध त्यांचं, माल ते उचलणार आणि विमानाने परदेशी धाडणार. भेंडी मात्र सरळसोट हवी. "आमी सून बघताना बी येवढं नाय बघत!" म्हणत आत्या खो खो हसली होती. अट एकच, भातानंतर शेतात दुसरं काही पेरायचं नाही. आत्यासकट सगळ्या गावाने सह्या ठोकल्या. घरातले उरलेसुरले वाल लोकांनी बिरडं करून खाल्ले, बियाणं काय, आत्याकडे आहेच.

मी तिला म्हटलं, "अगं, बांधावर मूठभर टाक की. कोण बघतंय?"

"शेतान चोरी कसली रं? एकदा हो म्हनलं ना!"

अस्सा संताप आला होता मला! जणू कंपनीशी सोयरीकच जुळवली होती हिने.

काही हंगामांनी कंपनीचा टेम्पो यायचा बंद झाला. फोन कुणी उचलेना. दुसरीकडे मोठी शेती मिळाली म्हणे त्यांना. आत्याने मडकं काढलं आणि वाल पेरले. एकही उगवला नाही. बी जुनं होऊन मेलं होतं. बोटाने माती उकरून बघत ती कितीतरी वेळ वाफ्यात बसली. मग जन्मात कुणाकडे काही न मागितलेली ही बाई दारोदार फिरली. जो तो म्हणे, "आमाला वाटलं, तुज्याकडं असंल." त्यांचं तरी काय चुकलं?

त्यानंतर तिचं बोलणंच आटलं. मी बदलापुरात बेलवलीला राहायचो, तिथून रविवारी जायचो, तर ओसाड शेताकडे तोंड करून बसलेली असायची. एकदा म्हणाली, "जमीन हाय, पानी हाय. पेरू काय?" "बाजारातून आणू?" म्हटलं, तर म्हणाली, "ते आपलं नाय."

पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. तेराव्याला तिच्या आवडीचं बिरडं केलं, वाल उल्हासनगरच्या बाजारातून आणले. लोक मागून मागून जेवले. "अगदी आत्याच्या वालांची चव!" पंगतीतून कुणीतरी म्हणालं. मला ओरडून "नाही!" म्हणायचं होतं. पुन्हा एक घास घेतला, सावकाश चावला. मेला फरक मलासुद्धा कळला नाही.